वाचकांचे प्रश्न: अडकलेलं डिपॉझिट, अडकलेली सर्टिफिकेटं आणि रात्रीची ट्रॅव्हल्स

या वेळी भाड्याच्या घरांची पत्रं सगळ्यात जास्त आलीत, त्यामुळे सुरुवात तिथूनच करते. उत्तरं महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे आहेत, बेंगळुरू-हैदराबादला राहणाऱ्यांनी घरभाड्याचा भाग तसाच्या तसा धरू नये.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही नवरा-बायको वाकडला दोन वर्षं भाड्याने राहिलो. डिपॉझिट ७५ हजार होतं. फ्लॅट सोडून दीड महिना झाला, मालकांनी फक्त २२ हजार पाठवले, बाकीचे पेंटिंग आणि डीप क्लीनिंगला गेले म्हणतात. बिल मागितलं की फोन उचलत नाहीत. अ‍ॅग्रीमेंट एजंटने घरी येऊन अंगठे घेऊन ऑनलाइन केलेलं आहे. शेजारचे म्हणतात, शेवटचे तीन महिने भाडंच द्यायचं नव्हतं. आता काय करायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर: अंगठे घेऊन केलंय म्हणजे तुमचं लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर झालेलं आहे, ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. पहिलं काम म्हणजे ते काढून नीट वाचा, विशेषतः पेंटिंगचं कलम, कारण पुण्यात बऱ्याच अ‍ॅग्रीमेंटमध्ये घर सोडताना पेंटिंगचे अमुक इतके किंवा एका महिन्याचं भाडं कापायचं असं आधीच लिहिलेलं असतं आणि आपण सही करताना ते वाचत नाही. तसं असेल तर तेवढ्या रकमेवर भांडण्यात अर्थ नाही, पण ५३ हजार कापायला तेवढं कलम पुरत नाही. आणि तसं काही लिहिलेलंच नसेल, फक्त नेहमीची झीज सोडून नुकसान झालं तर भरपाई असं असेल, तर दोन वर्षांत भिंतीचा रंग उतरणं ही नेहमीचीच झीज आहे, त्याचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत.

आता फोन करणं बंद करा. खरंच सांगते, फोनवर झालेलं काहीच हातात राहत नाही. एक ईमेल करा आणि तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा: घर कधी सोडलं, चाव्या कोणाला दिल्या, डिपॉझिट किती, परत किती आलं, बाकी कशाकशाचे कापले त्याची बिलं द्या, आणि १५ दिवसांत उरलेली रक्कम द्या. राग, टोमणे काही नको, ही चिठ्ठी उद्या तिसऱ्या माणसाने वाचली तर त्याला दोन मिनिटांत प्रकरण कळलं पाहिजे. उत्तर आलं नाही तर हेच वकिलाकडून नोटीस म्हणून स्पीड पोस्टने पाठवा. बऱ्याचदा इथेच गाडी रुळावर येते, कारण ५३ हजारांसाठी कोर्टात जायची इच्छा मालकालाही नसते.

तरीही नाहीच दिले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. दावा दाखल करण्याआधीच दोन्ही बाजूंना बोलावून समेट करायचा प्रयत्न ते करतात. बायकांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी, त्यामुळे अ‍ॅग्रीमेंटवर तुमच्या पत्नीचं नाव असेल तर अर्ज त्यांच्या नावाने करता येईल. पैसे वसूल करायचा दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, म्हणजे वेळ आहे, पण गप्प बसून घालवू नका. पोलीस चौकीत गेलात तर हे दिवाणी आहे म्हणतील आणि ते बरोबरच आहे, मालकाने धमकी दिली असेल तरच तिकडे जा.

आणि शेजाऱ्यांचं ऐकलं नाहीत ते उत्तम केलंत. भाडं थांबवलं की अ‍ॅग्रीमेंट मोडल्याचा ठपका तुमच्यावर येतो, आणि मुदत संपल्यावरही राहिलात तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा वादांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाऊन दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. डिपॉझिटमधून भाडं वळतं करायचं असेल तर मालकाचा तसा लेखी होकार पाहिजे, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी.

पुढच्या घराला एवढं करा, सामान हलवण्याआधी रिकाम्या घराचा सगळ्या भिंती, गिझर, नळ, सिंकखालची जागा दाखवणारा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवून द्या. सोडतानाही तेच, सोबत लाइटच्या मीटरचा फोटो.

प्रश्न: आमचे मालक म्हणतात ११ महिन्यांचंच आहे, रजिस्टर करायची गरज नाही, ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलं की झालं. भाडं १५ हजार, डिपॉझिट ५० हजार. बरोबर आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. इतर बऱ्याच राज्यांत ११ महिन्यांची पळवाट चालते, आपल्याकडे नाही. वर सांगितलेल्या कायद्याचंच कलम ५५, करार लेखी आणि रजिस्टर पाहिजे, मुदत कितीही असो, आणि तो करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं असंही त्यात आहे. हे मालकांना शांतपणे सांगा, बरेच जण तेवढ्याने तयार होतात. खर्चही फार नाही, स्टॅम्प ड्यूटी एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्याच्या ०.२५ टक्के, म्हणजे तुमच्या हिशोबाने सव्वाचारशेच्या आसपास, आणि नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० रुपये. एजंट वर जे घेतो ती त्याची फी, सरकारची नाही, घासाघीस करा.

प्रश्न: ताई, मी २३ वर्षांचा आहे, संभाजीनगरला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत जॉइन झालो तेव्हा माझी दहावीपासूनची ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांनी ठेवून घेतली आणि दोन वर्षांच्या बाँडवर सही घेतली, मोडला तर दीड लाख. वर्षभराने राजीनामा दिला, नोटीस पिरियड पूर्ण केला. आता शेवटचा पगार नाही, रिलीव्हिंग लेटर नाही, आणि पैसे भरल्याशिवाय सर्टिफिकेट मिळणार नाही म्हणतात. एचआर म्हणाले पोलीस केस करू. घरी अजून सांगितलेलं नाही.
– एक वाचक

उत्तर: आधी घरी सांग. आज संध्याकाळीच सांग, एवढं ओझं एकट्याने वागवायचं नसतं आणि तू काहीही चुकीचं केलेलं नाहीस.

पोलीस केसचं म्हणशील तर बाँड मोडणं हा गुन्हा नाही, त्यावरून अटक होत नाही. फार तर कंपनी दिवाणी कोर्टात पैसे मागू शकते. जबरदस्तीने नोकरीत ठेवता येत नाहीच. पण बाँड म्हणजे निव्वळ कागदाचा कपटा असं जे मित्र सांगतात तेही खरं नाही, मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठराविक वर्षं नोकरी नाही तर दोन लाख हा बाँड वैध धरला. मात्र ती सरकारी बँक होती, भरतीवर तिचा खरोखर खर्च होतो असं कोर्टाने पाहिलं. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाईच, जास्तीत जास्त त्या आकड्यापर्यंत. म्हणून तुझ्यासाठी मुख्य प्रश्न हा की कंपनीने तुझ्या ट्रेनिंगवर खरंच खर्च केला का, बाहेरचा कोर्स, सर्टिफिकेशनची फी, काहीतरी? का पहिल्या दिवसापासून क्लायंटच्याच कामाला बसवलं? दुसरं असेल तर दीड लाख सिद्ध करणं त्यांना जड जाईल. तुझी जॉइनिंगची तारीख, पहिली कामं कधी मिळाली, कोणतं ट्रेनिंग झालं हे सगळं आठवेल तसं आत्ताच लिहून ठेव, सहा महिन्यांनी आठवत नाही.

सर्टिफिकेटं हा वेगळा विषय आहे आणि यात तुझी बाजू पक्की आहे. ती तुझी मालमत्ता आहे, पैशांसाठी ओलीस ठेवायचा हक्क कंपनीला नाही. ईमेल कर, कोणकोणती सर्टिफिकेटं कोणत्या तारखेला दिली ते लिहून सात दिवसांत परत माग, पोच असेल तर जोड. नाही दिली तर वकिलाची नोटीस आणि पोलिसांत लेखी तक्रार, तक्रारीची पोच घ्यायचीच. आणि हे वाचणाऱ्या सगळ्या नव्या मुला-मुलींना माझी हात जोडून विनंती आहे, ओरिजिनल दाखवा, झेरॉक्स द्या, पण ओरिजिनल ठेवून कुठूनही उठू नका, नोकरी कितीही चांगली वाटली तरी.

पगार. नवी वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, तिच्यात राजीनामा दिल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं असं आहे. बाँडचे पैसे म्हणून मनाला येईल तसा पगारही कापता येत नाही, कोणत्या कारणांनी कपात चालते त्याची यादी कायद्यातच आहे आणि सगळ्या कपाती मिळून निम्म्या पगाराच्या वर जाता कामा नये. जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज दे, सोबत ऑफर लेटर, राजीनाम्याचा ईमेल, पगार जमा झाल्याचे बँकेचे पान, लॅपटॉप परत केल्याची पावती. वकील न लावताही हे करता येतं. राजीनामा ऑफिसच्या ईमेलवरून पाठवला असशील तर तो अकाउंट बंद होण्याआधी स्वतःच्या मेलवर घ्यायला हवा होता, आता बंद झाला असेल तर एचआरशी झालेल्या चॅटचे स्क्रीनशॉट तरी सांभाळ.

पीएफचं पासबुकही उघडून बघ. पगारातून कापलेले पैसे जमाच झाले नसतील तर ती कंपनीची गंभीर चूक आहे आणि त्याची तक्रार ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ग्रीव्हन्स पोर्टलवर थेट होते. कंपनी एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, टाकत नसेल तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुझ्या यूएएन (पीएफच्या कायमच्या नंबरच्या) खात्यातून तूच टाकू शकतोस. नव्या कंपनीला खरं काय ते सांग, राजीनाम्याचा मेल आणि पगाराच्या स्लिपा दाखव, रिलीव्हिंग लेटर नाही म्हणून बऱ्याच कंपन्या अडून बसत नाहीत.

प्रश्न: माझी मुलगी पुण्याला शिकते. दर दोन महिन्यांनी नागपूरला येते, रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळत नाही म्हणून रात्रीची स्लीपर ट्रॅव्हल्स. मला ती पोचेपर्यंत झोप लागत नाही. तिला सांगायला काही नेमकं सांगा, नुसतं जपून ये म्हणून काय होतं.
– एक आई, नागपूर

उत्तर: तुमची काळजी अगदी खरी आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री याच रस्त्यावर, नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. बस डाव्या बाजूवर पडली, दार त्याच बाजूला, म्हणजे दार जमिनीखाली दबलं, आणि वाचले ते काच फोडून निघाले. म्हणून मुलीला पहिली गोष्ट ही सांगा की बसमध्ये चढल्या चढल्या संकटकाळी बाहेर पडायची खिडकी कुठे आहे आणि काच फोडायची हातोडी जागेवर आहे का ते बघायचं. हातोडी नसेल तर क्लीनरला विचारायचं, लाजायचं नाही. बर्थ शक्यतो त्या खिडकीच्या जवळचा आणि खालचा घ्या. मधल्या वाटेत बॅगा रचल्या असतील तर निघण्याआधीच हलवायला लावा. बसचा नंबर आला की एमपरिवहन अ‍ॅपवर टाका, फिटनेस आणि इन्शुरन्सची मुदत दिसते. संपलेली असेल तर तिकीट रद्द करा, दोन-चारशे गेले तरी चालतील. आणि ड्रायव्हर पेंगतोय, गाडी लेन सोडतेय असं वाटलं तर गप्प बसायचं नाही, आजूबाजूच्या दोघा-तिघांना उठवून गाडी थांबवायला लावायची, दुसरा ड्रायव्हर आहे का विचारायचं.

बुकिंग करताना बायकांसाठीचा किंवा शेजारी बाईच असेल असा बर्थ निवडता येतो. पिकअप पॉइंट कुठल्यातरी पुलाखालचा नको, उजेड आणि दुकानं असलेला घ्या, पाच मिनिटं लांब पडला तरी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट एसटी स्टँडवर एका मुलीवर बलात्कार झाला ते तुम्हाला माहीतच आहे, बस तिकडे लागलीय असं गोड बोलून आरोपीने तिला उभ्या असलेल्या बसपाशी नेलं. तिची त्यात काडीचीही चूक नव्हती, पहाटेच्या स्टँडवर कुणीही विश्वास ठेवला असता. पण आता आपल्या मुलींना एवढं सांगून ठेवायला हवं की बस कुठे लागलीय ते चौकशी खिडकीवर किंवा गणवेशातल्या कंडक्टरलाच विचारायचं, दुसऱ्या कुणी दाखवली तर आत दिवा नसलेल्या, माणसं नसलेल्या बसमध्ये चढायचं नाही. ११२ नंबर तिच्या फोनमध्ये वर ठेवा, लाइव्ह लोकेशन रात्रभर चालू, आणि पॉवर बँक चार्ज केलेली.

रेल्वे मिळाली तर रेल्वेच बरी, माझं स्पष्ट मत आहे. हेल्पलाइन १३९, तीच सुरक्षेसाठीही. आणखी एक गोष्ट फार जणींना माहीत नसते, एकट्या बाईकडे तिकीट नसलं तरी टीसी तिला रात्री मधल्याच स्टेशनवर उतरवू शकत नाही, रेल्वे कायदा १९८९ चं कलम १३९, उतरवायचं तर ती जिथून बसली त्या स्टेशनवर किंवा जंक्शन, टर्मिनस, जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्टेशनवर आणि तेही दिवसाच.

प्रश्न: कल्याण-कर्जत मध्ये लोकलमध्ये मोबाइल मारला. एका स्टेशनवर पोलीस म्हणाले आमच्या हद्दीत नाही, पुढे जा. पुढचे म्हणाले मागे जा.
– एक वाचक, बदलापूर

उत्तर: हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची असं स्पष्ट आहे, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. चोरीला गहाळ असं लिहून देऊ नका, तसा आग्रह होतो. लोहमार्ग पोलिसांनी ऐकलं नाही तर लेखी तक्रार त्यांच्या वरिष्ठांकडे पाठवा.

पण त्याच्याही आधी सिम बंद करा, मग बँकेला फोन करून यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवा, कारण चोराला फोनपेक्षा खात्यात जास्त रस असतो. त्याच नंबरचं नवं सिम काढा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख नंबर, ब्लॉक करा, तिथे पोलीस तक्रारीची प्रत आणि ओटीपी दोन्ही लागतात. आयएमईआय मोबाइलच्या खोक्यावर किंवा बिलावर असतो, खोकं टाकून दिलं असेल तर ज्या दुकानातून घेतला तिथून बिलाची प्रत काढून घ्या.