डोस राहिला म्हणजे बुडाला नाही

(बीड जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर बत्तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून काम करून निवृत्त झालेल्या आमच्या सिस्टर या पानावर वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

सिस्टर, आमचा मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात. नातू ऑगस्टमध्ये झाला. दवाखान्यातले डोस झाले, दीड महिन्याचे आशाताईंनी टोळी निघायच्या आधी करून घेतले. मग दोघं त्याला घेऊन कोल्हापूरकडे गेले. आता परत आलेत, पोरगं आठ महिन्यांचं झालंय. शेजारीण म्हणते, सगळं वाया गेलं, पहिल्यापासून टोचावं लागेल. सून म्हणते, सिस्टर रागावतील, मी नाही जायची. — एक आजी, केज तालुका

आजी, सुनेचं खरं आहे. सिस्टर रागावतात. मीही रागवायचे. १९९८ च्या सुमारास एका बाईला मी कार्ड हरवलं म्हणून सगळ्यांदेखत बोलले. पुढच्या सत्राला ती आली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. शेवटी लसीची पेटी खांद्याला लावून मीच तिच्या वस्तीवर गेले, तर बाई पोराला घेऊन कडब्याच्या गंजीमागे लपलेली. ते पोर बिनडोसाचं राहिलं असतं तर दोष माझ्या जिभेचा होता. तेव्हा सुनेसोबत तुम्ही जा, आणि कोणी आवाज चढवलाच तर माझं हे पान पुढे करा.

आता शेजारणीचं. तिचं चुकलं. दोन डोसांमध्ये चार आठवड्यांपेक्षा कमी अंतर चालत नाही, जास्त झालं तर चालतं. पहिल्या डोसाने शरीराला जी ओळख पटते ती सहा महिन्यांत पुसली जात नाही. जिथे थांबलात तिथूनच पुढे जायचं. नुकसान झालं ते वेगळं: मधले सहा महिने लेकरू अर्धवट संरक्षणावर उघड्या कोपीत राहिलं. डांग्या खोकला नेमका याच वयात जिवावर उठतो. तसं काही झालं नाही, हे नशीब.

हिशेब सांगते. आत्ता अडीच महिन्यांचे डोस घ्या: पेंटाव्हॅलंटचा दुसरा, पोलिओचे थेंब, जुलाबाविरुद्धच्या रोटाचा दुसरा. पेंटाव्हॅलंट म्हणजे एकाच सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) असे पाच. न्यूमोनियाविरुद्धच्या न्यूमोकोकल लसीचा राहिलेला डोस आणि दंडात टोचायचा पोलिओ यांचा मेळ सिस्टर कार्ड पाहून घालतील. चार आठवड्यांनी साडेतीन महिन्यांचे. तोवर बाळाला नऊ महिने भरतात, म्हणजे गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि अ जीवनसत्त्वाचं औषध त्याच दिवशी उरकतं. एका दिवशी तीन-तीन सुया बघून तुमचा जीव कळवळेल, पण बाळाच्या शरीराला ते जड नाही.

पुढचा बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांत. तुमच्या नातवाचा तो काळ येत्या डिसेंबरपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत येतो, म्हणजे अर्धा काळ पुन्हा उसाच्या फडात. तेव्हा सुनेला सांगून ठेवा, कारखान्याच्या भागातल्या सरकारी दवाखान्यातही डोस मिळतो, तो फुकट असतो आणि त्यासाठी त्या गावचं असावं लागत नाही. कार्ड तुमच्या पेटीत कुलुपात ठेवू नका. ते लेकरासोबत जाऊ द्या, आणि मुलाच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो असू द्या.

आमच्या डॉक्टरांनी 'पेनलेस' लस सुचवली आहे. तिला काही हजार रुपये पडतात. महापालिकेच्या दवाखान्यात तीच लस मोफत आहे, पण ताप येतो म्हणे. स्वस्तातली लस हलकी असते का? — एक आई, वाकड, पुणे

ताई, 'तीच लस' नाही, फरक आहे. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये डांग्या खोकल्याचा अख्खा मेलेला जंतू असतो. शरीर त्याच्यावर जोरात धावून जातं, म्हणून मांडी सुजते, एक-दोन दिवस ताप येतो. महागड्या लसीत त्या जंतूचे निवडक तुकडे असतात, म्हणून त्रास कमी. पण अख्ख्या जंतूवाल्या लसीचं संरक्षण जास्त काळ टिकतं. म्हणजे पैसे तुम्ही शांत झोपेचे देता, जास्त संरक्षणाचे नाही. बाळाला आधी फिट आली असेल किंवा मेंदूचा काही आजार असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांनी ठरवायचं. बाकी माझ्या दोन्ही नातवंडांना उपकेंद्रावरच टोचलंय. सुनेने महिनाभर तोंड फुगवलं होतं.

ताप आला तर पॅरासिटामॉल, बाळाच्या वजनावर डॉक्टरांनी किंवा सिस्टरने सांगितलेल्या मापानेच. मांडीवर थंड पाण्याची पट्टी. चोळायचं नाही, शेकायचं नाही, बाम लावायचा नाही. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. रिक्षा थांबलीय म्हणून पळणाऱ्या आया मी दारात अडवून बसवल्यात. बाळ तीन तासांहून जास्त अखंड रडलं, मलूल पडलं, झटके आले तर थेट दवाखाना.

बाळ दोन महिन्यांचं आहे. डाव्या दंडावर जन्मानंतर टोचलेल्या जागी फोड येऊन पू झाला. सासूबाईंनी हळद-चुना लावलाय. — मिरज

हळद-चुना धुऊन टाका. बीसीजीची, म्हणजे क्षयाविरुद्धची लस अशीच पिकते. गाठ येते, फुटते, खपली धरते आणि वण राहतो, याला दोन-अडीच महिने लागतात. काही लावू नका, फोडू नका. काखेत मोठी गाठ आली तर दाखवा. आणि कुणाच्या बाळाला वण उठलाच नाही तरी पुन्हा टोचायची गरज नाही.

आमच्या पिढीत सगळ्यांना गोवर आला, कडुनिंबाच्या पाल्यात निजवलं, बरे झालो. मग ही सक्ती कशासाठी? — एक आजोबा, चाळीसगाव

आजोबा, जे बरे झाले तेच आज पत्रं लिहितायत. जे गेले त्यांचं कोण लिहिणार? माझ्याच एका गावात गोवरातून उठलेल्या पोरीची नजर गेली होती. कुपोषण, त्यात गोवर, अंगातलं अ जीवनसत्त्व संपलं आणि बुबुळावर पांढरं पडलं. अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस गोवराच्या लसीसोबतच का देतात, ते यावरून कळेल. गोवर अंगावरचं पुरळ गेल्यावरही पिच्छा सोडत नाही. शरीराने आधीच्या रोगांशी लढून कमावलेली ताकद तो पुसतो, म्हणून पुढचे कित्येक महिने न्यूमोनिया, जुलाब मागे लागतात. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे साथ आली तेव्हा गेलेल्यांत लहान मुलंच होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना लस मिळालेली नव्हती.

तुमच्या दंडावर देवीच्या लशीचा वण असेलच. तो आपल्याकडे आला त्याची सुरुवात १४ जून १८०२ ला मुंबईत झाली. आना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस तिथे टोचली गेली. तुमच्या नातवाच्या दंडावर तो वण नाही, कारण देवीच उरली नाही.

वाडीवर पेटीतून येणारी लस उन्हाने खराब होत नाही का? — किनवट

प्रश्न चांगला, पण ऊन हे अर्धंच उत्तर. लस दोन ते आठ अंशांत ठेवायची असते. बाटलीवर छोटं चक्र असतं आणि त्यात चौकोन. चौकोन भोवतीच्या रंगापेक्षा फिका असेल तर लस चांगली. तितकाच गडद झाला की फेकायची. बघायला मागा, कोणी नाही म्हणणार नाही.

गारठ्याचं मात्र हे चक्र सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फ्रीजरमधले आइस पॅक तसेच पेटीत भरले. घाई होती, एसटी सुटत होती. वस्तीवर पोचले तर ट्रिपलच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीच्या) बाटल्या गोठलेल्या. वितळल्यावर दिसायला ठीकठाक, पण एकदा गोठलेली ट्रिपल म्हणजे निव्वळ पाणी टोचल्यासारखं. बावीस लेकरांच्या आयांना हात जोडून परत पाठवलं. त्या दिवसानंतर आइस पॅक बाहेर काढून कानाशी धरायचा, हलवायचा, आत पाणी खळखळलं की मगच पेटीत.