राजीनामा लिहिलायस, पण दिवाळीपर्यंत खिशातच ठेव

बाय,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि खरं सांगतो, आधी फोटो झूम करून बघितला. त्या जलरंगाच्या आकाशात जे तपकिरी ठिपके आलेत ते तुझ्या हातचे नाहीत गो, बुरशी आहे ती. आपल्याकडच्या पावसात कागद उघडा राहिला की हेच होणार. माझ्याकडे एक जुनं लोखंडी कपाट आहे, जून ते सप्टेंबर त्यात झीरोचा बल्ब जळत असतो आणि खाली बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून गोळा केलेल्या. वायरिंग मात्र चांगल्या माणसाकडून करून घे आणि कागद बल्बपासून लांब ठेव.

आता राजीनाम्याचं. वेर्ण्याची नोकरी सोडून पुढच्या महिन्यापासून फक्त चित्रं, असं म्हणतेस. मी म्हणेन थांब.

मी काही हिंमत करून नोकरी सोडली नव्हती, नोकरीनेच मला सोडलं. खाणीच्या ऑफिसात नकाशे काढायचो, सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि थोड्याच दिवसांत मी घरी. लोकांना वाटतं तिथून मी आर्टिस्ट झालो. कसलं काय! त्याआधी वीस वर्षं रजा टाकून चित्रशाळेत गणपती रंगवत होतो, जत्रेतल्या नाटकांचे पडदे, बारचे बोर्ड, शिगम्याच्या चित्ररथाचा थर्माकोल, मिळेल ते. तेव्हा वाटायचं ही सगळी हमाली, आपलं खरं काम बाजूलाच पडलंय.

चित्रशाळेत पहिली सात वर्षं मला डोळे काढायला दिलेच नाहीत. पीतांबर भर, मुकुट भर, बस्स. आठव्या वर्षी म्हाताऱ्याने हातात शून्य नंबरचा ब्रश दिला. पाटावर खडूने घराचं नाव लिहिलेलं असतं ना, ते आधी वाचायला लावलं, कारण ज्यांचा पाट त्यांच्याच घरी ती मूर्ती जाणार, आणि मग म्हणाला बुबुळ जरा खाली घे, नाहीतर समोर आरतीला बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून बघत राहील. श्वास रोखून एकदाच रेघ, कारण पुसायला गेलीस की खालचा रंग निघतो. आज लोक माझ्याकडून पोर्ट्रेट करून घेतात ते त्या खाली घेतलेल्या बुबुळासाठी, नकाशांसाठी नव्हे.

आपल्या लोटलीचे मारियो मिरांडा घे. लहानपणापासून डायरीत चित्रं, पण कॉलेजात शिकले इतिहास, मग काही वर्षं जाहिरातीच्या स्टुडिओत नोकरी, मग व्यंगचित्रं, आणि १९५९ ला गुल्बेंकियन स्कॉलरशिपवर पोर्तुगाल. यात सरळ रस्ता कुठे दिसतो सांग.

पैशांचं रोखठोक सांगतो. इथे चित्रं विकली जातात डिसेंबर-जानेवारीत, सेरेंडिपिटी कला महोत्सवाच्या दिवसांत पणजीत गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि जुलैत गॅलरीत वॉचमन आणि त्याचं मांजर. मधले महिने मला चवथ (गणेशचतुर्थी) आणि शिगमो जगवतात, अजूनही, आणि त्याची मला लाज वाटत नाही. गॅलरी तिसरा हिस्सा घेते, कधी निम्माही, त्यावर चिडून उपयोग नाही, किंमत सांगतानाच ते धरून सांग. एका हॉटेलने माझ्याकडून बारा चित्रं करून घेतली, अकरा महिने फेऱ्या मारल्या तेव्हा कुठे निम्मे पैसे हाती आले (रिसेप्शनमागे तीच चित्रं अजून लटकतायत, तिकडून जाताना मी मान फिरवतो). तेव्हापासून निम्मा ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय कॅनव्हास ताणतसुद्धा नाही, मग समोर सख्खा मेव्हणा का असेना.

म्हणून दिवाळीपर्यंत एक वही कर, चित्रातून आलेला प्रत्येक रुपया त्यात, आणि फ्रेम, रंग, पेट्रोलला गेलेलाही. घरखर्चाचे सहा महिने बाजूला पडले की त्या दिवशी राजीनामा दे, मला विचारायची पण गरज नाही. घरचे काय म्हणतील ते सोड, वही बघितली की ते गप्प होतात.

रविवारी चित्रशाळेत ये. कुठ्ठाळीहून फेरीबोट धरून मडकईला उतर, मी स्कूटर घेऊन येतो. सध्या मातीचंच काम चाललंय, रंगाला वेळ आहे, पण पाट धुवायला आणि नंतर पीतांबर भरायला हात हवेच आहेत. डोळे मिळणार नाहीत हं. आणि तो ठिपक्यांचा कागद घेऊन ये, कोरड्या मऊ ब्रशने कितपत निघतं ते बघू.