जिंतूरहून आलेला प्रश्न : लेकराला आखातात पायलटची नोकरी लागेल का?

प्रश्न : माझ्या मुलाचं सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) झालंय, हातात उड्डाणाचे 200 तास आहेत. सव्वा वर्षापासून घरीच आहे. एक एजंट म्हणतो, साडेतीन लाख द्या, आखातातल्या विमान कंपनीत लावून देतो, पगार बिनटॅक्सचा. त्यासाठी दोन एकर काढायचं ठरवलंय. इंटरव्ह्यूत काय विचारतात? पगार खरंच एवढा असतो का?
— एक वडील, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : दादा, त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. मी निलंग्याचा. अकरा वर्षांपासून आखातातल्या एका कंपनीत विमान चालवतो आणि इथे येण्यासाठी मी कुणालाही पैसे दिले नाहीत. यूएईच्या (दुबई-अबुधाबीच्या देशाच्या) 2021 च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च कामगाराकडून घेताच येत नाही. शिवाय 200 तासांच्या परदेशी मुलाला बहुतेक मोठ्या कंपन्या दारात उभं करत नाहीत. त्यांना एटीपीएल, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणारं वरचं लायसन्स लागतं आणि आपल्याकडे त्यासाठी 1500 तास भरावे लागतात. म्हणजे आधी भारतातलीच कंपनी, टाइप रेटिंग (एका ठरावीक जातीचं विमान चालवायचं प्रशिक्षण), मग दोन-तीन वर्षं उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलट म्हणून. तिथून निघतानाही डीजीसीएच्या (आपल्या सरकारच्या विमान वाहतूक खात्याच्या) नियमाने को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कॅप्टनला वर्षभराची.

इंटरव्ह्यूचं सांगतो. आपल्या लातूर पॅटर्नमध्ये वाढलेलं पोरगं डीजीसीएचे पेपर सहज काढतं, पण इथे पाठांतर चालत नाही. मला विचारलं, "कॅप्टनचं चुकतंय असं वाटलं तेव्हा तुम्ही काय केलं?" मी क्लासमध्ये घोटलेलं उत्तर दिलं. समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "बरं, त्या दिवशी नेमके कोणते शब्द वापरले?" मी गप्प झालो. मग पावसातलं एक लँडिंग आठवलं, मी "गो अराउंड" (न उतरता विमान परत वर घ्या) म्हणालो होतो ते आठवलं, आणि जसं घडलं तसं सांगितलं. तिथून पुढे त्या लिहून घेऊ लागल्या. सिम्युलेटरमध्ये टेक-ऑफच्या ऐन वेळी एक इंजिन बंद पाडतात. विमान सरळ धरता येतं का हे बघतातच. पण शेजारच्याला काम वाटून देता की सगळं एकट्याच्या अंगावर घेता, याकडे त्यांचं जास्त लक्ष असतं. मुलाला आत्तापासून वही करायला लावा : कुठल्या फ्लाइटला काय अडचण आली, आपण काय बोललो.

आता पगार. एजंटाने सांगितलेला आकडा म्हणजे बेसिक, घरभाडं, तासावर मिळणारा फ्लाइंग पे आणि मुक्कामाचा भत्ता या सगळ्याची बेरीज असणार. तुम्ही फक्त बेसिक विचारा. 2020 मध्ये विमानं उभी राहिली तेव्हा आमचा फ्लाइंग पे एका महिन्यात शून्यावर आला, वर बेसिकलाही कात्री लागली. मुलीची शाळेची फी मी बायकोच्या दागिन्यांवर भरली. ते अजून डोळ्यांसमोर आहे. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही यूएईत बेसिकवरच मोजतात : पहिली पाच वर्षं दरसाल 21 दिवसांचा पगार, पुढे 30 दिवसांचा.

आणि तिथली नोकरी म्हणजे रात्रीची नोकरी. वर्षाला 900 तासांची मर्यादा आहे, पण त्यात फक्त विमानातले तास धरतात. पहाटे दोनला युनिफॉर्म चढवून निघणं, स्टँडबायवर, म्हणजे बोलावणं येईल म्हणून तयार राहून फोनकडे बघत बसणं त्यात येत नाही. हैदराबादची फ्लाइट मिळाली की उतरायचं आणि तासाभरात परत फिरायचं, खाली पाय ठेवायचा नाही. मुंबई ओलांडल्यावर आभाळ निरभ्र असेल तर डाव्या खिडकीतून लातूरकडचे दिवे दिसतात. आई तिथे झोपलेली असते. तेवढ्यात उतरायची तयारी सुरू होते आणि नजर आत घ्यावी लागते. हे सारं मुलाला माहीत असू द्या. मला हे काम आवडतं, पुन्हा संधी मिळाली तरी मी हेच करीन; पण वर्षातून दोनदा घर बघायची त्याची तयारी आहे का, हे त्याला समोर बसवून विचारा.

जमिनीची इसारपावती एवढ्यात करू नका. भारतातल्या कंपनीचं ऑफर लेटर येईल तेव्हा त्यातल्या बाँडचं (ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याच्या कराराचं) आणि टाइप रेटिंगच्या खर्चाचं पान मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचून कळवतो.