हलत्या कडांवरच्या आडव्या रेघा

प्रश्न : २००५ साली मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल कॅसेटच्या) कॅमेऱ्यावर घेतलेले घरच्या लग्नाचे चित्रण आम्ही संगणकात उतरवून घेतले आहे. टीव्हीला जोडलेल्या संगणकावर ते व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावले की हलणाऱ्या माणसांच्या कडांवर आडव्या रेघा दिसतात. फाइल एमपी४ मध्ये बदलून घेतल्यास हा दोष जाईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फाइल बदलण्याची घाई कृपया करू नये, कारण आपल्या चित्रणात दोष नाही. पाल या टीव्ही-पद्धतीच्या त्या कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम (पूर्ण चित्रे) असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन फील्डची बनते. एका फील्डमध्ये सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि दोन्ही टिपण्यांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते. जुना ट्यूबचा टीव्ही ही फील्ड एकामागून एक दाखवी. आजचा पडदा सगळ्या ओळी एकदम दाखवतो, त्यामुळे तेवढ्या अवधीत सरकलेल्या हाताची कड फणीच्या दातांसारखी दिसते.

व्हीएलसीच्या व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस (फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवण्याची सोय) चालू करून ‘याडिफ (२एक्स)’ हा प्रकार निवडावा. त्यात प्रत्येक फील्डपासून एक पूर्ण फ्रेम तयार होते, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम मिळतात आणि हालचालीचा मूळ ओघ टिकतो. ‘डिस्कार्ड’ निम्म्या ओळी टाकून देतो, तर ‘ब्लेंड’ दोन क्षण एकमेकांत मिसळून धूसर छाया निर्माण करतो. लग्नाच्या चित्रणासाठी हे दोन्ही प्रकार मला अजिबात पसंत नाहीत. याबरोबरच संगणकाचा रिफ्रेश रेट (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा) ५० हर्ट्झ ठेवावा, कारण ६० हर्ट्झवर काही फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात आणि कॅमेरा आडवा फिरताना बारीक हिसके जाणवतात.

एवढे करूनही माणसे पुढे-मागे थरथरताना दिसली, तर फील्डचा क्रम उलटा वाचला जात आहे असे समजावे. डीव्हीमध्ये, म्हणजे आपल्या कॅमेऱ्याच्या फाइलींत, खालचे फील्ड आधी येते, डीव्हीडीमध्ये मात्र बहुधा वरचे.

एमपी४ करताना डीइंटरलेस न करता चित्राचा आकार बदलला, तर दोन फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि त्या रेघा नंतर कोणत्याही प्लेअरला नीट काढता येत नाहीत. म्हणून नातेवाइकांना पाठवण्यासाठी छोटी प्रत हवीच असल्यास आधी डीइंटरलेस करून ५० फ्रेमची प्रत वेगळी काढावी आणि मूळ डीव्ही फाइल आहे तशीच जपावी.