डच ईस्ट इंडिया कंपनी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

डच ईस्ट इंडिया कंपनीविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. शेवटच्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याचा मोह अनेकांना होतो.

प्रश्न : या कंपनीचे भाग (शेअर) सामान्य माणसालाही घेता येत होते, हे खरे आहे का?

होय. डच प्रजासत्ताकाच्या इस्टेट्स जनरल या प्रतिनिधिसभेने २० मार्च १६०२ रोजी दिलेल्या सनदेत देशातील कोणाही रहिवाशाला भाग घेण्याची मुभा होती आणि किमान रकमेची अट नव्हती. अ‍ॅमस्टरडॅमची नोंदवही डर्क व्हान ऑस या संचालकाच्या राहत्या घरी ठेवलेली होती. ऑगस्टअखेर ती बंद होण्याच्या सुमारास त्याच्याच घरच्या नेल्टगेन कॉर्नेलिस या मोलकरणीने १०० गिल्डर (तेव्हाचे डच चलन) लावल्याची नोंद तीत आहे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १,१४३ जणांनी नावे नोंदवली, आणि सहा शहरांच्या शाखा मिळून सुमारे ६४ लाख गिल्डर जमले.

भाग मिळाला म्हणजे कारभारात शब्द मिळाला, असे मात्र नव्हते. दहा वर्षांनी हिशेब जाहीर होतील आणि हवे त्याला पैसे काढून घेता येतील, हे सनदेतले आश्वासन १६१२ मध्ये पाळले गेले नाही. अडकलेली रक्कम सोडवायची तर आपला भाग दुसऱ्याला विकणे हाच मार्ग उरला आणि त्यामुळे अ‍ॅमस्टरडॅमच्या भागबाजाराला बळ मिळाले.

प्रश्न : आजच्या हिशेबाने या कंपनीची किंमत जवळपास आठ लाख कोटी डॉलर होती, असा संदेश फिरतो. तो कितपत खरा?

त्यावर विश्वास ठेवू नये. भागांचे भाव चढून १७२० च्या सुमारास दर्शनी किमतीच्या दहापटीहून अधिक झाले होते, एवढे खरे. पण त्या काळच्या गिल्डरांचे आजच्या डॉलरांत रूपांतर करण्याची खात्रीलायक रीत नाही.

प्रश्न : जायफळासाठी कंपनीने एका बेटावरची सारी वस्ती मारली, हे अतिशयोक्त नाही का?

दुर्दैवाने नाही, फक्त बेट एक नव्हते, तर आजच्या इंडोनेशियातील बांदा नावाचा लहानसा द्वीपसमूह होता. जायफळ आणि जायपत्री त्या काळी जगाला तेथूनच मिळत. आपल्यालाच आणि ठरल्या दरानेच माल विकावा, असे करार कंपनीने तेथील प्रमुखांकडून करून घेतले होते. परंतु बांदावासीयांना लागणारे अन्नधान्य व कापड ती पुरेसे आणत नसे, आणि ते आणणाऱ्या जावा बेटावरील व इंग्रज व्यापाऱ्यांना लोक माल विकत राहिले. याला करारभंग ठरवून गव्हर्नर जनरल यान पीटरझून कून याने १६२१ मध्ये स्वारी केली. पकडलेल्या ४४ प्रमुखांचा कंपनीच्या भाडोत्री जपानी सैनिकांकडून शिरच्छेद करवला. सुमारे १५,००० लोकसंख्येपैकी जेमतेम हजारभर माणसे बेटांवर उरली. बाकीची मारली गेली, उपाशी मेली, पळाली किंवा गुलाम झाली. पुढे जायफळाच्या बागांचे तुकडे पाडून ते डच मळेवाल्यांना देण्यात आले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले गेले.

कंपनीच्या गुलामव्यापाराचे धागे आपल्या इतिहासालाही भिडतात. शिवाजी महाराजांनी कर्नाटक मोहिमेच्या वेळी, १६७७ मध्ये, डचांना जो कौल दिला, त्यात आपल्या मुलखात गुलामांची खरेदी करण्यास स्पष्ट मनाई केली होती.

प्रश्न : वेंगुर्ल्याच्या पडक्या डच वखारीत कशाचा व्यापार चाले?

व्यापार होता, पण वखारीचे खरे मोल गोव्याच्या शेजारात होते. १६३६ पासून डच आरमार गोव्याची नाकेबंदी करू लागले. त्या जहाजांना पाणी, रसद आणि पोर्तुगिजांच्या हालचालींच्या बातम्या पुरवणारे ठाणे आदिलशाही मुलखात असणे सोयीचे होते. येथून गेलेली पत्रे आज शिवकालाच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात.

प्रश्न : एवढी बलाढ्य कंपनी केवळ भ्रष्टाचारामुळे बुडाली का?

भ्रष्टाचार होताच. पगार तुटपुंजे असल्याने नोकर कंपनीच्याच जहाजांतून स्वतःचा माल चोरून पाठवीत. पण हे आरंभापासून चालत आले होते आणि तरीही कंपनीने शतकभर भरघोस नफा मिळवला. माझ्या मते मूळ दुखणे निराळे होते.

मसाल्यांची बेटे तोफांच्या बळावर अडवून धरता येत. अठराव्या शतकात युरोपला हवे असलेले सुती कापड आणि चहा मात्र असे अडवता येत नव्हते. इंग्रज चीनमधील कँटन बंदरातून थेट चहा नेत असताना डच कंपनी तो बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्तातील आपल्या आशियाई मुख्य ठाण्याला, येणाऱ्या चिनी जहाजांकडून घेत बसली, आणि चीनशी थेट व्यापार करायला तिला १७२९ उजाडले. आशियातल्या आशियात माल फिरवून होणारी कमाईही आटत गेली. जपानची चांदी भारतात आणायची, तिने कापड घ्यायचे आणि त्या कापडाच्या बदल्यात मसाले मिळवायचे, असे ते चक्र होते. जपानने १६६८ मध्ये चांदीची निर्यात बंद केल्यावर त्याचा मोठा आधार गेला. किल्ले, शिबंदी आणि लढाया यांचा खर्च मात्र वाढतच राहिला. माणसांची नासाडी वेगळीच होती : दोन शतकांत सुमारे दहा लाख माणसे कंपनीच्या जहाजांतून पूर्वेकडे निघाली आणि त्यांतली जेमतेम तिसरा हिस्सा परतली.

हे सारे संचालकांना वेळीच दिसले का नाही, याचे उत्तर वह्यांत आहे. मायदेशातले हिशेब वेगळे आणि बटाव्हियातले वेगळे ठेवले जात, ते एकत्र करून ताळेबंद मांडण्याची पद्धत नव्हती. दुकानाचा गल्ला एका भावाकडे आणि उधारीची वही दुसऱ्याकडे असावी, तसा हा प्रकार होता. त्यामुळे नफा घसरत असतानाही लाभांश वाटला जाई, आणि हाती रोकड नसली तर त्यासाठी कर्ज काढले जाई.

अशा स्थितीत १७८० ते १७८४ चे इंग्रजांशी युद्ध ओढवले. जहाजे पकडली गेली, माल बटाव्हियाच्या गोदामांत पडून राहिला, तमिळ किनाऱ्यावरचे नागपट्टणचे ठाणे गेले. युद्धानंतर कंपनी सरकारी मदतीवर तगून होती. १७९५ मध्ये नेदरलँड्समध्ये फ्रेंच फौजा शिरून जुनी राजवट कोसळल्यावर नव्या सरकारने १७९६ मध्ये कंपनी ताब्यात घेतली आणि ३१ डिसेंबर १७९९ रोजी सनदेची मुदत संपू दिली. कर्ज आणि पूर्वेकडचे मुलूख दोन्ही सरकारकडे गेले. बांदाच्या बागाही त्यातच होत्या, आणि तेथील गुलामगिरी डच सरकारने १८६० मध्ये कायद्याने बंद केली.