इंग्रजीत ‘सेव्हरल थाउजंड’ म्हणायचं की ‘सेव्हरल थाउजंड्स’? आणि ते नेमके किती?

‘सेव्हरल थाउजंड पीपल’ बरोबर. हंड्रेड, थाउजंड, मिलियनच्या आधी फाइव्ह, सेव्हरल, अ फ्यू असं काही आलं की शेवटचा एस जातो आणि ‘ऑफ’ही जातो. आधी काहीच नसेल तर दोन्ही हवेत: ‘थाउजंड्स ऑफ पीपल’. भारतीय इंग्रजीतल्या लाखाचंही तसंच. ‘फाइव्ह लाख रुपीज’, पण ‘लाख्स ऑफ रुपीज’.

किती, याला ठरलेला आकडा नाही. सेव्हरल म्हणजे दोनाहून जास्त, पण फार नाहीत. मला तरी ‘सेव्हरल थाउजंड’ वाचून चारपासून सात-आठ हजारांपर्यंत काहीतरी वाटतं. ‘अ फ्यू थाउजंड’ त्याच्या जरा खाली. पण ‘ओन्ली अ फ्यू थाउजंड’ म्हणजे जेमतेम, आणि ‘क्वाइट अ फ्यू थाउजंड’ म्हणजे चांगलेच! ‘सम फाइव्ह थाउजंड’ म्हणजे सुमारे पाच हजार. पाच हजारांपैकी काही नव्हे.

मी बातम्यांचे अनुवाद करतो. तिथे खरी पंचाईत ‘टेन्स ऑफ थाउजंड्स’ची. म्हणजे साधारण २० हजारांपासून ९०-९५ हजारांपर्यंत कितीही. मराठीत आपण लिहितो ‘हजारो’. पण नुसत्या ‘थाउजंड्स’लाही हजारोच लिहितो, म्हणजे तीन हजारांचा मोर्चा आणि ऐंशी हजारांचा मोर्चा वाचकाला सारखाच. पुढे ‘हंड्रेड्स ऑफ थाउजंड्स’ आलं की कोणीतरी ‘शेकडो हजार’ करून मोकळं होतं. अहो, आपल्याकडे शंभर हजारांना लाख म्हणतात! त्यात ‘मिलियन्स’चंही लाखोच होतं. म्हणून मी माझ्यापुरती सोय केली आहे: थाउजंड्सला ‘काही हजार’, टेन्स ऑफ थाउजंड्सला ‘हजारो’, हंड्रेड्स ऑफ थाउजंड्सला ‘काही लाख’, मिलियन्सला ‘लाखो’ आणि टेन्स ऑफ मिलियन्सला ‘कोट्यवधी’. काटेकोर नाही, पण पायऱ्या तरी शाबूत राहतात.

उलट्या दिशेने जाताना आपलं ‘पाच-सात हजार’ तसंच उचलून ‘फाइव्ह-सेव्हन थाउजंड’ करू नका. इथे चालून जातं, बाहेरचा माणूस गोंधळतो. ‘फाइव्ह टू सेव्हन थाउजंड’ म्हणा. शे-दोनशेला ‘अ हंड्रेड ऑर टू’ छान बसतं. पाचशेच्या थोडं वर असेल तर ‘फाइव्ह हंड्रेड-ऑड पीपल’, पण लिहिताना मधली आडवी रेघ विसरू नका, नाहीतर पाचशे विचित्र माणसं होतात.

ऑफिसच्या पत्रांत हमखास दिसणारा प्रकार म्हणजे ‘अप्रॉक्सिमेटली ४,८३७’. इतका नेमका आकडा हाताशी आहे तर अंदाज कसला? एकतर तो शब्द काढा, नाहीतर ४,८०० लिहा. ‘निअर्ली ५,०००’ही ४,९०० ला चालेल, ५,१०० ला नाही, तिथे ‘ओव्हर’ हवं.

‘बिलियन्स’ला मात्र ‘अब्जावधी’ बिनधास्त लिहा, बिलियन म्हणजे १०० कोटीच. फक्त मजकूर जुना ब्रिटिश असेल तर जपून. तिकडे पूर्वी बिलियन म्हणजे मिलियन मिलियन, म्हणजे आपले एक लाख कोटी. सरकारी आकडेवारीत बिलियन हजार मिलियनच्या अर्थाने वापरला जाईल, हे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेत स्पष्ट केलं ते १९७४ मध्ये.