नाटकवाल्यांचे प्रश्न: देवाच्या उत्सवाला परवानगी लागते का?

प्रश्न: ग्रामदेवतेच्या उत्सवात आमच्या मंडळाचं दरवर्षी तीन अंकी नाटक असतं. तिकीट नसतं. यंदा एकाने शंका काढली, की लेखकाची परवानगी नसेल तर केस होते. दुसरा म्हणतो, देवाच्या कामाला कसली परवानगी? (एक मंडळ, लांजा तालुका)

उत्तर: यंदा दुसऱ्याचं बरोबर आहे, पण कारण देव नव्हे, कायदा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमात सवलत दिलेली आहे. हौशी संस्थेने प्रेक्षकांकडून पैसे न घेता, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग केला, तर तो हक्कभंग धरत नाहीत. देवळापुढच्या मांडवात गावातल्याच माणसांनी केलेलं बिनतिकिटाचं नाटक यात बसतं.

मंडळं फसतात ती पुढे. हेच नाटक शाळेच्या इमारतनिधीसाठी तिकीट लावून केलंत, की सवलत संपली. शाळा ही धार्मिक संस्था नव्हे. नट-नटी मानधन ठरवून बाहेरून आणल्या, तर ‘हौशी’ या शब्दावर समोरचा वकील बोट ठेवणारच. आणि गावचा कोणीतरी उत्साही मुलगा अख्खा प्रयोग मोबाइलवर घेऊन यूट्यूबवर टाकतो, त्याला तर आधीच आवरा. सवलत प्रयोगापुरती आहे, चित्रीकरण जगाला दाखवायची नाही.

हक्क किती वर्षं राहतो हेही सांगून ठेवतो, कारण ‘जुनं नाटक म्हणजे फुकट’ असं सर्रास ऐकू येतं. लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून 60 वर्षं मोजायची. गडकरी 1919 साली गेले, खाडिलकर 1948 साली. त्यांची नाटकं खुली झाली आहेत. अत्रे 1969 साली गेले, म्हणजे त्यांच्या नाटकांचे हक्क 2029 अखेरपर्यंत आहेत. प्रती पिवळ्या पडल्या म्हणून हक्क संपत नाही.

एवढं सांगूनही माझा सल्ला असा, की सवलत असली तरी पत्र घाला. पुस्तकाच्या पहिल्या पानांत प्रयोगाच्या हक्कांसाठी कोणाला विचारायचं ते बहुधा छापलेलं असतं. पत्ता जुना निघाला, तर ते नाटक आधी केलेल्या शेजारच्या मंडळाला विचारा. त्यांच्याकडे वारसांचा फोन नंबर असतो, आणि नशीब बरं असेल तर दुसऱ्या अंकातल्या वाड्याचा सेटही माळ्यावर पडलेला असतो. राज्य नाट्य स्पर्धेला उतरायचं असेल तर मात्र लेखकाचं संमतीपत्र आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, ज्याला आपण अजून ‘सेन्सॉर’ म्हणतो, दोन्ही लागतं. ही धावपळ गणपतीआधी उरका. ऑक्टोबरात सगळ्यांनाच सेन्सॉर हवा असतो.

प्रश्न: सभामंडपात प्रयोग आहे. लाइटवाला 12 स्पॉट लावतो म्हणतो. मंडपाच्या मीटरवर चालेल का? (संगमेश्वर)

उत्तर: नाही. हजार वॅटचा एक दिवा सव्वाचार अँपिअरच्या आसपास ओढतो. बारा पेटले की पन्नासच्या वर जाता, आणि तिसऱ्या अंकात नायिकेच्या तोंडावर फ्यूज उडतो. जनरेटर घ्या, किंवा दिवे कमी करा. ‘पार’ नावाचे एलईडी दिवे दोनेकशे वॅटच्या आत भागतात, पण स्वस्तातल्या एलईडीच्या पांढऱ्या उजेडात रंगवलेला चेहरा राखेसारखा दिसतो. समोरून चेहऱ्यावर चार जुने हॅलोजनचे दिवे डिमरवर ठेवा, मागच्या रंगांना एलईडी वापरा. डिमर विकत घेऊ नका. वर्षात दोन रात्री लागणारी वस्तू तालुक्यात एक असली तरी पुरते.

प्रश्न: आमची संस्था राज्य नाट्य स्पर्धेच्या रत्नागिरी केंद्रावर बरीच वर्षं उतरते. प्राथमिक फेरीच्या पुढे जात नाही. परीक्षक ठरावीक संस्थांनाच नंबर देतात असं आमचं मत झालं आहे. स्पर्धा सोडावी का? (नाव छापू नये)

उत्तर: नाव छापत नाही. छापलं असतं, तरी प्रत्येक संस्थेला ते आपलंच वाटलं असतं.

एक विचारतो. तुमचा प्रयोग झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सावरकर नाट्यगृहात तुमच्यापैकी किती जण बसले होते? माझी सगळी नोकरी एसटीत गेली, त्यामुळे कोणती संस्था कोणत्या गाडीने आली आणि कोणत्या गाडीने गेली याकडे माझं उगाचच लक्ष असतं. बहुतेक मंडळी सेट टेम्पोत चढवून त्याच रात्री घरी. बाकीचं केंद्र त्यांनी पाहिलेलंच नसतं. न पाहिलेल्या नाटकापेक्षा आपलं सरस होतं, हे कशावरून ठरवायचं?

परीक्षक चुकतात. मी स्वतः निकालाच्या रात्री चडफडलेलो आहे. पण ही स्पर्धा 1954 सालापासून चालू आहे, आणि मी म्हणेन तिची खरी कमाई रौप्यपदकांत नाही. नागपूरपासून गोव्यापर्यंतच्या केंद्रांवर, दिवसभर बँकेत, शाळेत, डेपोत काम करणारी माणसं एकमेकांची नाटकं बघू शकतात, ही ती कमाई. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे तेंडुलकरांचं नाटक 1967 साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने याच स्पर्धेत केलं. नाटकातली पात्रंही हौशी नाटकवालीच, परगावी प्रयोगाला आलेली. आपल्यासारख्यांवर एवढ्या निर्दयपणे लिहिलेलं नाटक आपल्याच स्पर्धेतून आलं, याचा मला अभिमान वाटतो.

तर यंदा उतरा, आणि निदान चार प्रयोग बघून या. प्रकाशयोजना करणारा आणि नेपथ्यवाला या दोघांना तरी पाठवाच. नट नाही गेले तरी चालेल, ते तसेही आरशात बघतात. त्यानंतरही परीक्षकांबद्दल हेच मत राहिलं, तर मला पुन्हा लिहा. स्पर्धेचा निकाल काहीही लागो, ते नाटक गावात एकदा करा. चार महिने तालीम करून एकाच प्रयोगात नाटक बंद करायचं हे मला कधी पटलेलं नाही.

प्रश्न: आमच्या शिमग्याच्या नाटकात निम्मे नट मुंबईचे चाकरमानी. तालमी मोबाइलवर घेतल्या तर चालेल का? (गुहागर तालुका)

उत्तर: पाठांतर चालेल, हालचाली चालणार नाहीत. फोनवर रोज तासभर नुसती वाक्यं म्हणून घ्या, तीही पुस्तक न बघता. कॅमेरा बंद ठेवला की चोरून वाचतात, म्हणून चालू ठेवायला लावा. मग दोन रविवार मुंबईत तालीम ठेवा. भांडुप, विरार, डोंबिवली असे सगळे विखुरलेले असतात, तेव्हा मध्ये पडेल असा एखादा शाळेचा वर्ग किंवा सोसायटीचा हॉल बघा. गावाहून दिग्दर्शकासोबत प्रॉम्प्टरने जायचं. प्रयोगाच्या रात्री कोण कुठे अडखळतो हे त्याला माहीत पाहिजे, आणि ते फोनवर कळत नाही.

जमिनीवर खडूने रंगमंच आखा, पण गावच्या स्टेजच्या मापाने. मुंबईच्या हॉलमध्ये ऐसपैस फिरलेला नट गावच्या स्टेजवर तिसऱ्या पावलाला विंगेत जातो.

पात्रवाटपही याच हिशेबाने करा. ज्याचा प्रवेश पहिल्या अंकात उघडतो तो गावात राहणारा हवा. शिमग्याला मुंबई-गोवा रस्त्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. चाकरमान्यांना आदल्या दिवशी सकाळी पोचायला सांगा, म्हणजे रात्रीच्या रंगीत तालमीला ते हजर असतील. खलनायकाला त्याच्याही आदल्या दिवशी बोलवा. दाढी-मिशी त्याच्या तोंडावर आधी चिकटवून बघावी लागते.